भीमाच्या मापाची गाडी

"झोप. झोप म्हटलं की," सुभेदार म्हणाले, आणि तो वासराएवढा कुत्रा आमच्या शेडच्या फरशीवर आडवा झाला. "पाय पसर. हां. बघ पोरी, ह्यो असा ताणून झोपतोय. आखडून झोपला की कंबर धरतीया त्याची. खडू आण."

मी पत्र्यावर खुणा करायचा खडू दिला. सुभेदार गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कुत्र्याच्या भोवतीनं, नाकापासून शेपटीपर्यंत, सावकाश रेघ ओढली. कुत्रा डोळे मिटून पडून राहिला. त्याचं नाव भीमा. धनगराच्या कळपातला, काळा, केसाळ, मानेवर लांडग्यानं धरल्याची जुनी खूण. दुसरी कुत्री दाराशी उभी होती. ती कारवान जातीची, बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी सडपातळ, म्हणून तिचं नाव काडी.

"ह्या रेघेच्या बाहेर चारी बाजूंनी चार-चार बोटं सोड. एवढा पलंग पाहिजे त्याला."

"सुभेदार, आधी गाडी तरी ठरू दे."

"गाडी मागनं. ज्याला न्यायचंय त्याचं माप आधी."

आमचा वेल्डर दस्तगीरमामा हसला. खुर्चीत बसलेले बाबासुद्धा हसले, म्हणजे त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवी बाजू दोन वर्षांपूर्वीच गेली होती, आणि तिच्याबरोबर वाचाही.

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरात आमची गाड्यांच्या बॉड्या बांधायची शेड होती. केरबा सुताराची बॉडी म्हणजे ट्रकवाले डोळे झाकून घ्यायचे. बाबांना झटका आला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. हिशेबाच्या खोलीतून उठून शेडमध्ये उभी राहिले आणि एकेक गिऱ्हाईक गळायला लागलं. तोंडावर कोणी बोलायचं नाही, पण बाईच्या देखरेखीखाली बांधलेली बॉडी कोणाला नको होती. दस्तगीरमामा आणि आणखी सातजण कामाला होते. दोन वर्षांनी, दिवाळीनंतर, शेडमध्ये एकही गाडी उभी नव्हती. तेव्हा सुभेदार दौलत चौगुले आले.

पन्हाळ्याच्या वाटेवर त्यांचं गाव. तीस वर्षं त्यांनी फौजेत कुत्री सांभाळली होती. सुरुंग हुंगणारी, माग काढणारी. वय एकाहत्तर, पण पाठ सरळ. बायको वारलेली. मुलगा रणधीर शाळा-कॉलेजं चालवणारा मोठा माणूस. सुभेदारांना एकच हवं होतं. एक अशी गाडी, जी रस्ता संपला तरी पुढं जाईल, आणि जिच्यात ते आणि त्यांची दोन्ही कुत्री राहू शकतील. स्वयंपाक, पाणी, झोप, सगळं गाडीत.

रणधीरनं त्यांना एक नवी कोरी मोठी गाडी दाखवली होती. सुभेदारांनी काडीला आत चढवलं, तिनं चकचकीत सीटवर नखं रोवली, घसरली आणि खाली उतरली. "बटणावर चालणारी गाडी," सुभेदार आम्हाला सांगत होते. "डोंगरात बटण बिघडलं तर कुणाला हाक मारू? मला अशी पाहिजे, की खेड्यातल्या टॅक्टरवाल्यानंबी पाना लावला तर चालू झाली पाहिजे."

मग आम्ही जुन्या गाड्या बघत हिंडलो. सांगलीला एक पाहिली, सुभेदार खाली झोपून चासीवर हातोडी मारत गेले आणि मधेच थांबले. "हितं बद्द वाजतंय. आतनं गंजलीया." दुसरीचा तळ फार उंच. भीमाच्या कमरेला ते चढणं जमलं नसतं. तिसरी निपाणीजवळ एका वीटभट्टीच्या आवारात मिळाली. लांब चासीची, डिझेलची, चारही चाकांना ताकद असलेली जुनी गाडी. हातोडी टोकापासून टोकापर्यंत खणखणत गेली. काडी उघड्या दारातून आत शिरली, चारही कोपरे हुंगले आणि खाली बसली.

"झालं," सुभेदार म्हणाले. "हिनं पास केली."

गाडी ओढून आणावी लागली, कारण मधल्या गिअरबॉक्सातल्या एका गिअरचे दात उडाले होते. त्या गिअराशिवाय पुढची चाकं फिरत नव्हती आणि मागचीही नाही. पण तो काही मोठा प्रश्न नव्हता. जुने सुटे भाग लुधियानाहून मागवता येत. मी पत्र टाकलं, फोन केला, आणि आम्ही बॉडीला हात घातला.

तसं काम मी आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. तळ नऊ इंच खाली घेतला. मागून एक फळी सरकत बाहेर यायची, जमिनीला टेकायची, तिच्यावर काथ्या मारलेला, म्हणजे भीमाचे पाय घसरू नयेत. दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर. पाण्याच्या टाकीला खाली एक वेगळी तोटी. तळाला मी पत्रा घालणार होते, तर बाबांनी डावा हात हलवून नाही नाही केलं. दस्तगीरमामानं त्यांच्या हातात खडू दिला. बाबांनी वेड्यावाकड्या रेघांनी फळ्या काढून दाखवल्या. सागवानी, मधे फटी सोडलेल्या. सुभेदारांच्या लक्षात लगेच आलं.

"पत्रा उन्हात तापतोय. पाय भाजतील. केरबा, तुला कुत्र्याचा पाय कळतोय, लेका."

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. बाबांना बोलता येत नव्हतं आणि सुभेदारांना त्याचं काही वाटत नव्हतं. "जल्म न बोलणाऱ्यांबरोबरच काढलाय मी," ते म्हणायचे. बाबांच्या खुर्चीशेजारी डबा उघडायचे. बाबांच्या हाताखाली भीमाचं डोकं आणून ठेवायचे. दोन वर्षं भिंतीकडे बघत बसलेला माझा बाप सकाळी आठलाच शेडमध्ये न्या म्हणून खुणा करायला लागला.

एकदा मी सुभेदारांना विचारलं, "एवढी वर्षं कुत्र्यांत काढलीत, अजून हौस फिटली नाही?"

"एकबी माझं न्हवतं," ते म्हणाले. "सरकारचं. नंबर असायचा. बदली झाली की साखळी दुसऱ्याच्या हातात द्यायची आन् चालू पडायचं. मागं बघायचं न्हाई. मागं बघितलं की ते धावतंय." थोड्या वेळानं म्हणाले, "आपल्या कुत्र्याला घेऊन, कुणाचा हुकूम नसताना, उघड्यावर एक मुक्काम करायचा. एवढंच हाय बघ. मग लेहला जाऊ न्हाईतर कुठंबी जाऊ."

फेब्रुवारीअखेर बॉडी उभी राहिली. हिरवा रंग, बाजूला गुंडाळून ठेवायची ताडपत्री, आत भीमाचा पलंग, त्याच्या वर सुभेदारांचा, आणि काडीला ड्रायव्हरच्या मागे एक कोपरा. रणधीर येऊन बघून गेला, छान झालीय म्हणाला. त्याच महिन्यात त्याच्या शाळेच्या अकरा बसच्या बॉड्यांचं काम आमच्याकडे आलं आणि शेड परत भरली. सुभेदारांची हिरवी गाडी आम्ही कडेच्या भिंतीला लावून ठेवली. आता फक्त गिअर यायचा राहिला होता.

होळी झाली, पाडवा झाला. सुभेदार रोज नऊच्या ठोक्याला दोन्ही कुत्री घेऊन यायचे.

"आला का गं?"

"नाही अजून."

मग ते गाडीत जाऊन बसायचे. कधी दस्तगीरमामा बाबांना उचलून शेजारच्या सीटवर बसवायचा. दोघं म्हातारे समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत बसायचे, मागे कुत्री झोपलेली. सुभेदार मधेच स्टिअरिंग थोडं फिरवायचे. "हितनं डावीकडं आंबोली," म्हणायचे. बाबा मान डोलवायचे.

एप्रिलपासून बाबांनी एक नवीन सुरू केलं. सुभेदार आले की डावा हात उचलून माझ्या टेबलाकडे करायचे आणि घशातून काढायचे, "ख... ख... ख..." चेहरा लालबुंद व्हायचा.

"काय म्हणतोय गं केरबा?"

"खोकला," मी सांगायचे. "औषध मागतायत." आणि बाटली काढून चमचाभर पाजायचे. बाबा माझ्याकडे बघत गिळायचे.

ते दिवसातून चार-पाच वेळा व्हायला लागलं, तेव्हा मी त्यांची खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून ठेवली. सुभेदारांना सांगितलं, रहदारी बघितली की त्यांचं मन रमतं.

पावसाळा आला. सुभेदारांना वाटलं होतं पावसाआधी निघू, मग म्हणाले उघडीप झाली की निघू. जुलैत भीमानं खाणं सोडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी पोटात गाठ आहे म्हणून सांगितलं. कापण्यात अर्थ नाही, दिवाळी बघणार नाही म्हणाले. सुभेदारांनी हे मला सांगितलं ते इतक्या सपाट आवाजात, की मला वाटलं ते दुसऱ्याच कोणाच्या कुत्र्याबद्दल बोलतायत.

गणपती झाले आणि एके दिवशी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. टोपी हातात.

"पोरी, लेह-बिह राहू दे आता. तिलारीपर्यंत जातो. चंदगडच्या पुढं, पाण्याच्या काठाला. एक मुक्काम. त्याला गाडीतनं न्यायचं म्हणून म्हटलंय, आन् तो सात महिनं त्या पलंगावर झोपून भिंत बघतोय. दुसरा कुठला गिअर बसतोय का बघ. तात्पुरता."

"तसा बसत नाही, सुभेदार."

"मग त्यांना परत फोन लाव की. हात जोडतो तुला."

मी त्यांच्यासमोर फोन उचलला. नंबर फिरवला. "अहो, किती दिवस?" म्हटलं. "इथं माणूस खोळंबलाय." थोड्या चढ्या आवाजातही बोलले. फोन ठेवून त्यांना म्हटलं, "पंधरा दिवसांत पाठवतो म्हणालेत."

त्यांनी हात जोडले. खरोखरच जोडले.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करायचो. वेल्डिंग मशिनला, कानशींना, लेथला झेंडूची फुलं घातलेली. सकाळचे अकरा वाजले असतील. सगळे आरतीला उभे होते आणि सुभेदार गाडीत भीमाजवळ होते, कारण तो पहाटेपासून मान उचलत नव्हता. आरती संपायच्या आत ते मागच्या फळीवरून खाली उतरले.

"गेला," म्हणाले. "एखादं स्वच्छ फडकं हाय का? मोठं."

मी बाबांना प्रसाद भरवत होते. मी वळेपर्यंत ते माझ्या टेबलाशी पोचले होते. कोरी फडकी मी खालच्या खणात ठेवते हे त्यांना माहीत होतं. त्या खणाला मी कुलूप घालत असे. पण त्या दिवशी कुंकवाची डबी काढताना किल्ली तशीच राहिली होती.

त्यांनी खण ओढला. पिवळं फडकं उचललं. ते जड लागलं म्हणून उलगडलं.

आत गिअर होता. कोरा, तेल लावलेला. बरोबर वाहतूक कंपनीची पावती.

शेडमध्ये उदबत्त्यांचा धूर होता. सुभेदारांनी खिशातून चष्मा काढला, लावला, पावती वाचली.

"ह्यो कधी आला?"

"काल," मी म्हटलं.

"अकरा मार्च लिवलंय."

मी प्रसादाची वाटी खाली ठेवली. रस्त्याकडे तोंड केलेल्या खुर्चीतून बाबा रडत होते. आवाज करून, लहान मुलासारखे. सुभेदारांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा उघड्या खणाकडे बघितलं, आणि मला दिसलं की त्यांना समजलं. ख म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा समजलं. सहा महिने माझा बाप त्यांना खण, खण म्हणून ओरडून सांगत होता आणि मी त्यांना खोकल्याचं औषध पाजत होते.

त्यांनी गिअर टेबलावर ठेवला. फडकं घेतलं आणि भीमाला त्यात गुंडाळलं. ते पुरलं नाही, पाय बाहेर राहिले. दस्तगीरमामानं रिक्षा-टेम्पो बोलावला.

आता रणधीरचं सांगायला हवं. फेब्रुवारीत तो गाडी बघायला आला तेव्हा त्याचे वडील चहाला गेले होते. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाला, "ताई, काम सुंदर केलंय. फक्त ही इथून हलू नये."

"म्हणजे?"

"बाबांचं वय बघता ना. डॉक्टरांनी गाडी चालवायला नको म्हटलंय." कोणते डॉक्टर ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "स्पष्ट नाही म्हणालो तर ऐकणार नाहीत. इथं दिवसभर रमलेत, घरातही शांतता आहे. बायकोला कुत्र्यांचं चालत नाही. काहीतरी कारण काढून लांबवत राहा. कुत्री किती दिवसांची? वर्षभरात विषय आपोआप संपेल." मग तो निघाला आणि दारातून म्हणाला, "जूनच्या आत आम्हाला अकरा बसच्या बॉड्या हव्यात. मी तुमचंच नाव घातलंय."

मी आठ माणसांची नावं मनात घेतली आणि हो म्हटलं. ती आठ माणसं खरी होती. पण मला आठवतं, हो म्हणताना माझ्या मनात सगळ्यात आधी आलं होतं ते हे, की आता उद्यमनगरात माझ्याकडे बघून कोणी हसणार नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. शेड बंद होती. मी बाबांना घेऊन मुद्दाम तिथं गेले होते, का ते मला सांगता येणार नाही. सुभेदार नऊला आले. बरोबर एकटी काडी. मागोमाग दस्तगीरमामा आला, सणाचे कपडे घातलेला. तो माझ्याकडे न बघता गाडीखाली शिरला. सुभेदारांनी टेबलावरचा गिअर उचलून त्याच्या हातात दिला. साडेबारापर्यंत गाडी सुरू झाली. मला अजूनही तो आवाज चांगला आठवतो. कुठंही अडखळली नाही.

"बाई," सुभेदार म्हणाले. तोपर्यंत मी पोरी होते. "पाना घ्या. तो खालचा पलंग सोडवून द्या मला. तुम्हीच बसवलाय, तुम्हीच काढा."

मी आत शिरले. आठ बोल्ट होते. फळ्यांच्या फटींत काळे केस अडकले होते. ते उभे राहून बघत होते आणि मी एकेक बोल्ट काढत होते. त्यांना घाई नव्हती. पलंग निघाल्यावर त्यांनी तो भिंतीशी ठेवायला सांगितला, आणि मग बाबांच्या खुर्चीसमोर उकिडवे बसले.

"केरबा. तिलारीला चाललोय. येतोस?"

बाबांनी डावा हात उचलला. मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवली.

"त्यांना नेता येणार नाही," मी म्हटलं. "त्यांची औषधं, त्यांचं सगळं करायला लागतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय..."

"औषधं द्या."

"बाबा, तुम्ही जाणार नाही आहात."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग ते दस्तगीरमामाकडे वळले आणि त्यांनी हात पुढे केला, उचल म्हणून. मामानं त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा बांधला. सुभेदारांनी औषधांची पिशवी मागितली आणि मी दिली. कोणती केव्हा द्यायची ते मी सांगितलं. त्यांनी ते गिअरच्या पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा बाबांनी मागे बघितलं नाही.

मी रणधीरला फोन केला. तो म्हणाला, बघू, दोन दिवसांत परत येतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी चंदगडकडच्या एका खेड्यातून फोन आला. बाबा गेले होते.

रणधीरच्या गाडीतून आम्ही गेलो. पाण्याच्या काठाला, झाडाखाली ती हिरवी गाडी उभी होती, ताडपत्री उलगडलेली. बाबांना खालच्या फळ्यांवर झोपवलं होतं. गावातले चार लोक, पाटील, आणि दोन पोलीस आलेले. काडी गाडीखाली बसली होती.

"सकाळी चहा घेतला," सुभेदार मला म्हणाले. "काठाला बसले हुते. मी पाणी आणाय गेलो. परत आलो तर मान कलली हुती." मग म्हणाले, "काल रातच्याला चांदण्या बघून लई हसले."

तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दुसरा झटका होता. घरी असते तरी आला असता. प्रवासानं काही झालं असं म्हणता येणार नाही. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, कारण त्यांना वाटलं मी मनाला लावून घेईन.

मग चौकीत जबाब लिहून घेतला. मी, रणधीर, दस्तगीरमामा, आणि बाकावर सुभेदार. फौजदार तरुण होते, सौम्य बोलणारे.

"वडील स्वतःच्या इच्छेनं गेले होते का, ताई?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. दस्तगीरमामा माझ्याकडे बघत होता. रणधीर खिडकीबाहेर बघत होता.

"नाही," मी म्हटलं. "त्यांना बोलता येत नव्हतं. मी नको म्हणत होते. यांनी उचलून नेलं."

"विजया," दस्तगीरमामा म्हणाला. फक्त नाव घेतलं.

फौजदारांनी सुभेदारांकडे बघितलं. "तुमचं काय म्हणणं?"

सुभेदार उभे राहिले. वर्दीतल्या माणसासमोर ते नेहमी उभे राहूनच बोलायचे. "मी न्हेलं," म्हणाले. "जबाबदारी माझी."

गाडीचे कागद तपासले. बॉडी बदलल्याची नोंद झालेली नव्हती. ती नोंद करून घेणं माझं काम होतं. जी गाडी रस्त्यावर येणारच नव्हती तिची नोंद मी कशाला केली असती? गाडी जप्त झाली. काडी तिच्याखालून निघेना, तेव्हा हवालदारानं तिला पट्टा धरून ओढून काढली. सुभेदारांनी तिला एक शब्द सांगितला असता तर ती आपण होऊन आली असती. त्यांनी सांगितला नाही. ते तोंड फिरवून उभे राहिले.

गुन्हा काही उभा राहिला नाही. रणधीरनं ते बघितलं. मात्र बापाला त्यानं घराच्या बाहेर पाठवायचं बंद केलं, आणि लोकांनाही ते पटलं. एका माणसाचा जीव गेला होता, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असं गावभर झालं. काडीला त्यानं जमखंडीकडच्या ओळखीतल्या कोणाला देऊन टाकलं. दस्तगीरमामा बाबांच्या दहाव्याला आला, जेवला नाही, आणि त्यानंतर कामावर आला नाही. बावीस वर्षं तो आमच्याकडे होता.

गाडीचे कागद मी पुढे दोनदा तयार केले. एक अर्ज आणि माझी सही, एवढंच लागणार होतं. सही केली असती तर फौजदारांनी विचारलं असतं, ताई, ही नोंद तेव्हाच का केली नाहीत? मी कागद फाडले. पावसात गाडी चौकीच्या आवारात बसली, टायर खचले, फळ्या कोणीतरी जळणाला नेल्या.

सुभेदारांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. रणधीरच्या घरी बसच्या कामाचं बोलायला गेले होते. ते व्हरांड्यात खुर्चीवर होते, दाढी वाढलेली. मी समोरून गेले. त्यांनी मला ओळखलं. ओळखलं, आणि खुर्ची आवाज करत भिंतीकडे फिरवून घेतली.

दोन वर्षांनी ते गेले. मातीला मोठी गर्दी होती. त्यांच्या घरी बायका बसल्या होत्या तिथं मी एका कडेला उभी राहिले. रणधीरच्या बायकोनं मला बघितलं, ती उठून आली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. रडून तिचे डोळे सुजले होते, ते खोटं नव्हतं.

"ह्या विजयाताई," ती बाकीच्या बायकांना म्हणाली. "ह्यांच्यामुळे मामंजी शेवटची दोन वर्षं घरात राहिले. आमच्या डोळ्यांसमोर राहिले. नाहीतर कुठल्या रानात गेले असते, आम्हाला कळलंसुद्धा नसतं. स्वतःचा बाप गेला ह्यांचा, पण आमच्या माणसाला जपलं ह्यांनी."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. एका म्हातारीनं हात जोडले. पुढं सरकून त्यांनी मला मधे जागा करून दिली, घरच्या माणसांत.

मी जाऊन बसले.